सिमेंट सडते का जी?



मागच्या जुलैची गोष्ट. तीन दिवसांची झड लागली होती. मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यात खिचडी खायला बसली होती आणि वर्गात कोणी नव्हतं. तेवढ्यात आतून 'धप्प' असा आवाज आला. जाऊन पाहते तर छताचा ताटाएवढा पोपडा तिसऱ्या बाकावर पडून फुटला होता. वर पाहिलं तर दोन सळया उघड्या पडलेल्या, गेरूसारख्या लाल. त्या बाकावर रोज तीन मुली बसतात. त्या दिवशी मी झाडू मारला, तुकडे गोळा केले आणि हात थोडे थरथरत होते हे कबूल करते.

चौथीतल्या एका मुलाने एक तुकडा उचलला. त्याच्या एका बाजूला सळईचा पन्हाळीसारखा ठसा होता आणि त्या ठशात तांबडी पावडर. त्याने विचारलं, "मॅडम, सिमेंटबी सडते का जी?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नव्हतं. डीएडला असताना हे कोणी शिकवलं नाही. मग वाचलं, एका अभियंत्यांना विचारलं, दोन जुन्या मिस्त्रींशी बोलले. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते, कारण कोंढा, पवनी, अड्याळ या आपल्या भागात गेल्या तीस-चाळीस वर्षांत कवेलूची घरं जाऊन स्लॅबची आली, शाळाही तशाच झाल्या, आणि आता ते स्लॅब म्हातारे होऊ लागले आहेत.

आधी खडूचा प्रयोग

वर्गात एक खडू घ्या. दोन्ही टोकांनी दाबा. सहसा मोडत नाही. आता तोच खडू दोन बोटांनी वाकवा. टक्कन तुटतो. काँक्रीट असंच आहे. दाब भरपूर सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. स्लॅब दोन भिंतींवर टेकलेला असतो, स्वतःच्या वजनाने मधे किंचित वाकतो, म्हणजे त्याची खालची बाजू ताणली जाते. तिथे सळई नसेल तर स्लॅब खडूसारखा मोडेल. म्हणून मधल्या भागात सळया स्लॅबच्या तळाशी, खालच्या पृष्ठभागाजवळ ठेवतात. हे लक्षात असू द्या, पुढे याचंच काम आहे.

रोममधलं पँथिऑनचं घुमटाकार छत जवळपास एकोणीसशे वर्षं उभं आहे आणि तेही एक प्रकारचं काँक्रीटच आहे. मग आपला स्लॅब तीस वर्षांत का हात टेकतो? एक मोठा फरक असा की त्या घुमटात लोखंड नाही. घुमटाचा आकारच असा की बहुतेक ठिकाणी दाबच येतो. आपण सपाट छत टाकतो, त्यामुळे लोखंडाशिवाय भागत नाही. आणि लोखंड आलं की त्याच्यामागे गंजही आला.

सळई आतमध्ये इतकी वर्षं गंजत का नाही?

मला हा प्रश्न जास्त आवडला. उघड्यावर टाकलेली सळई एका पावसाळ्यात लाल होते. मग ओल्या काँक्रीटमध्ये गाडलेली सळई कशी टिकते? सिमेंट पाण्याशी मिळतं तेव्हा घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ तयार होतो आणि त्याबरोबर चुनाही सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. खर्ऱ्यात घालतात तोच चुना. (तो तोंडाची काय अवस्था करतो हा वेगळा लेख होईल.) या चुन्यामुळे ताज्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर बसतो आणि तो गंज अडवतो. म्हणजे काँक्रीट सळईला नुसतं झाकत नाही, औषधात बुडवून ठेवतं.

ताजं सिमेंट अल्कधर्मी असतं हे मुलांना दाखवायचं असेल तर हळदीचा कागद पुरेसा आहे. नुकत्याच कालवलेल्या सिमेंटच्या पाण्यात बुडवला की लाल होतो. हे तुम्ही स्वतः करून दाखवा, मुलांना हात लावू देऊ नका, ओल्या सिमेंटने कातडी जळते.

आता औषध संपतं कसं ते पाहू. हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं. मी हा प्रयोग दरवर्षी करते, पण हाच प्रयोग माझ्या डोक्यावरच्या छतात रात्रंदिवस चालू आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत जातो, चुना संपवत जातो, आणि जिथपर्यंत तो पोचला तिथपर्यंत सामू नऊच्या खाली येतो. हे बाहेरून आत सरकत जातं. एक दिवस ही सीमा सळईपर्यंत पोचते. मग तो संरक्षक थर राहत नाही.

याने काँक्रीट कमजोर होत नाही, हे नीट समजून घ्या. उलट ते किंचित टणकच होतं. वरून पाहाल तर छत ठणठणीत दिसेल. फक्त आतली सळई उघडी पडलेली असते, आणि आता तिला हवं असतं फक्त पाणी.

गंज म्हणजे नुसती झीज नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीटच्या पोटात जागा कुठून येणार? मग सळई आतून ढकलते. ताण सोसायला काँक्रीट कच्चं, हे खडूने दाखवलंच आहे. सळईच्या ओळीत भेग पडते, भेगेतून आणखी पाणी जातं, आणखी गंज येतो आणि शेवटी पोपडा सुटतो. तिसऱ्या बाकावर पडला तो असाच सुटला होता. तेव्हा त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की बाळा, सिमेंट सडत नाही, त्याच्या पोटातलं लोखंड फुगतं.

बोटाच्या पेराएवढं अंतर

या लेखातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. सळईच्या खाली किती काँक्रीट आहे, यावर छताचं आयुष्य मुख्यतः ठरतं. याला कव्हर म्हणतात. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ : २००० सांगतं की पावसापाण्यापासून झाकलेल्या काँक्रीटलाही साधारण २० मिलिमीटर कव्हर हवं आणि पावसात राहणाऱ्याला ३०. म्हणजे जेमतेम बोटाचं एक पेर.

आता गणित. कार्बन डायऑक्साइड आत सरकण्याचा वेग कायम सारखा नसतो. तो जितका आत जाईल तितका मंदावतो. आत गेलेलं अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. समजा एखाद्या स्लॅबमध्ये तो पाच वर्षांत १० मिलिमीटर गेला. तर २० मिलिमीटर जायला दहा नाही, वीस वर्षं लागतील. ३० मिलिमीटर जायला पंचेचाळीस. उलट बाजूने वाचा: मिस्त्रीने २० च्या जागी १० मिलिमीटर कव्हर ठेवलं तर संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. सहावी-सातवीला वर्ग-वर्गमूळ शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वापरावं. "याचा उपयोग काय?" असं मुलं विचारतात, त्यांना छताकडे बोट दाखवता येईल.

आणि प्रत्यक्षात काय होतं? सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवायचे असतात. कुठे ते नसतातच. कुठे गिट्टीचा खडा सरकवलेला असतो, तो पाटी घेऊन चालणाऱ्या मजुराच्या पायाने निसटतो आणि सळई सेंटरिंगच्या पत्र्यावर आडवी पडते. वरून काँक्रीट पडलं, पत्रे निघाले, खालून प्लास्टर झालं की कोणाला काही दिसत नाही. आमच्या पडलेल्या तुकड्यावर मी पट्टी लावून पाहिली. प्लास्टर सोडलं तर सळईखाली काँक्रीट होतं सहा मिलिमीटर.

पाणी जास्त आणि पाणी कमी

मिस्त्री काकांनी सांगितलेलं वाक्य मला विसरता येत नाही. ते म्हणाले, "मॅडम, कालवताना पाणी कमी आन् मंग पाणी जास्त, एवढंच हाये. लोकं उलटं करतेत."

५० किलोच्या एका सिमेंटच्या पोत्याला रासायनिक क्रियेसाठी साधारण ११-१२ लिटरच पाणी लागतं. मिश्रण हलवता-पसरवता यावं म्हणून थोडं जास्त घालावं लागतं, पण लोखंडी कामाला मानकाची सगळ्यात सैल मर्यादासुद्धा पोत्यामागे साडेसत्तावीस लिटर आहे. आपल्याकडे नळी सोडून देतात, माल पातळ झाला की फावड्याला सोपा जातो. हे जादा पाणी पुढे वाळून जातं आणि मागे राहतात बारीक छिद्रं. त्याच छिद्रांतून पुढची तीस वर्षं हवा आणि पाणी ये-जा करतात. रेतीचं म्हणाल तर वैनगंगेकाठी राहणाऱ्यांना चांगल्या रेतीची वाण नसावी, पण मातकट रेती स्वस्त पडते म्हणून तीही चालवून घेतात.

टाकून झाल्यावर मात्र पाणी हवं. यालाच आपण तराई म्हणतो. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान दहा, असं मानक सांगतं. आज दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट राखमिश्रित, म्हणजे पीपीसी असतं. ते वाईट नाही, चांगलंच आहे, पण त्याची ताकद हळू चढते म्हणून त्याला पाणी जास्त दिवस लागतं. त्यात आपला स्लॅब पडतो कधी? रब्बी उरकली, शेतात काम नाही, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. पारा पंचेचाळिशीकडे, विहिरीने तळ गाठलेला. सकाळी एकदा नळी मारली आणि दुपारी दोनला हात लावला तर स्लॅब तव्यासारखा कोरडा. ती तराई झाली नाही.

धान करणाऱ्या माणसाला खरं तर हे शिकवायची गरज नाही. बांधीला धुरे घालून पाणी अडवतो तसे स्लॅबवर मातीचे छोटे धुरे घाला आणि दोन इंच पाणी बांधून ठेवा. पाणी टंचाई असेल तर ओलं तणस किंवा भिजवलेली पोती अंथरून ठेवा. घरकुलाचे पैसे आणि वरून काढलेलं कर्ज त्या छतात घातलेलं असतं. त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे हे दहा-चौदा दिवसांचं पाणी, आणि नेमकी तिथेच काटकसर होते.

समुद्राकाठचं दुखणं वेगळं

खारं पाणी हा काम फार लवकर उरकतो. मिठातलं क्लोराइड चुना संपायची वाटच पाहत नाही, सळईवरचा तो पातळ थर थेट फोडतं. गोव्यात पणजीला मांडवी नदीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. त्याच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. मुंबईचा पहिला ठाणे खाडी पूल १९७३ चा. त्याच्याही तारांना गंज लागला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा राहिला.

उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन रहिवासी इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. इमारती सुमारे पंचवीस वर्षांच्या. वरचा स्लॅब पडताना खालचेही घेऊन गेला. महाराष्ट्रातल्या शहरांत ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. गावातल्या घराला अशी आठवण करून देणारं कोणी नाही.

भंडाऱ्याला समुद्र नाही, हे आपलं नशीब. आपला शत्रू हळू चालतो. म्हणूनच तो लक्षात येत नाही.

(गोसीखुर्दच्या कालव्यांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. डाव्या कालव्याच्या अस्तराचा दर्जा हा वर्षानुवर्षं चर्चेचा आणि चौकशीचा विषय राहिला आहे. त्यात मी शिरत नाही. पण कालव्याचं अस्तर पातळ असतं आणि त्यात सहसा सळई नसते, त्यामुळे तिथलं कारण गंज नसतं. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, मागून पाण्याचा दाब येतो, भरावाची दबाई कच्ची असली की अस्तर अधांतरी राहून तडकतं. दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध चालणार नाही.)

वर बघायची सवय

कवेलूच्या खोल्यांचं एक बरं होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढायचंच, फुटलेलं कवेलू बदलायचं. स्लॅब टाकला की "आता झंझट मिटली" म्हणून आपण वर चढणंच सोडून दिलं. मेमध्ये चढून पाहा. पाणी जायचा पाइप पानांनी बुजलेला असतो, कोपऱ्यात पिंपळ उगवलेला असतो, कुठे पाणी साचल्याचा काळा डाग असतो. चुन्याविना उघड्या झालेल्या सळईला फक्त पाणी हवं होतं, हे आठवा. पाणीच पोचू दिलं नाही तर गंज फार मंदावतो. पाइप मोकळा ठेवायला एक पैसा लागत नाही.

खालून पाहताना ओलीचा डाग, तांबूस ओघळ आणि सरळ रेषेत जाणारी भेग शोधा. वेडीवाकडी केसासारखी भेग बहुतेक वेळा प्लास्टरची असते. सरळ, सळईच्या मार्गाने जाणारी भेग असेल तर काळजी करा. काठीने हळूच ठोका. भरीव 'टण' आवाज आला तर ठीक, 'बद' असा पोकळ आवाज आला तर तिथे पोपडा सुटायला आलेला आहे. हे मोठ्या माणसाने, डोक्यावर काहीतरी घेऊन, बाजूला उभं राहून करायचं. मुलांना घेऊन नाही.

दोन चुका मात्र मी सगळीकडे पाहते. पहिली, पोपडा पडला की त्यावर प्लास्टर आणि रंग. तापाने फणफणलेल्याला पावडर लावल्यासारखं आहे ते. गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या वेळी पोपड्याबरोबर नवं प्लास्टरही पडतं. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, गंज घासून, सळई किती बारीक झाली ते मोजून, गरज असेल तर जोड देऊन मग भरावं लागतं. कुठपर्यंत चुना संपलाय हे तपासायला अभियंते ताज्या फोडीवर फिनॉल्फथॅलिन शिंपडतात. निरोगी भाग गुलाबी होतो, संपलेला भाग रंगहीन राहतो.

दुसरी चूक, गळतं म्हणून वरून आणखी एक काँक्रीटचा थर. पाच सेंटीमीटरचा थर दर चौरस मीटरला १२० किलो वजन वाढवतो. सहा बाय सहा मीटरच्या वर्गखोलीवर चार टनांहून जास्त. आजारी स्लॅबच्या डोक्यावर आपण भरलेला ट्रॅक्टर उभा करतो.

आमच्या खोलीचं

त्या दिवशी पहिला सल्ला मला प्लास्टरचाच मिळाला, "लेकरं घाबरतील, झाकून टाका." मी नाही म्हटलं. वर्गाला कुलूप लावलं आणि चौथी व्हरांड्यात आणली. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली, ठराव झाला, फोटोंसह अर्ज वर गेला. पालकांपैकी दोघांना वाटलं मी उगाच मोठं करते आहे. त्यांना मी तो तुकडा हातात दिला आणि तिसरा बाक दाखवला.

अर्जाला वेळ लागतो, त्या काळात छत हलतंय की थांबलंय हे कळावं म्हणून एका अभियंत्यांनी साधी युक्ती सांगितली. खोलीबाहेरून पोचता येईल अशा तुळईवरच्या आणि भिंतीवरच्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवायच्या आणि बाजूला तारीख लिहायची. भेग वाढली तर काच तडकते. आम्ही चार लावल्या. मुलं रोज परिपाठानंतर लांबूनच पाहून वहीत नोंद करायची, 'अभंग' किंवा 'तडकली'. बावीस दिवस चारही पट्ट्यांपुढे अभंग लिहिलं. तेविसाव्या दिवशी दाराच्या वरची पट्टी मधोमध तडकलेली होती. तिचा फोटो आणि मुलांच्या वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आम्ही दुसऱ्या अर्जाला जोडली.